मुंबई ते टोरांटो, कायमचं: बिझनेस क्लासनं जाताना कशानंतर काय करायचं

कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) आला की घरात पहिली चर्चा सामानाची होते आणि कुणी ना कुणी सांगतंच, "बिझनेस क्लासनं जा, बॅगा जास्त नेता येतात." सल्ला चुकीचा नाही. पण तो ऐकून लोक त्याच संध्याकाळी तिकीट काढतात, आणि घोटाळे तिथून सुरू होतात. कुणाला काउंटरवर कळतं की अपग्रेड मिळालं तरी बॅगांची मर्यादा जुनीच आहे. कुणाचा लांबचा टप्पाच इकॉनॉमीत निघतो. कुणी दागिने सोबत नेतो पण यादीत लिहीत नाही.

यातल्या बहुतेक चुका क्रमाच्या आहेत. आधी कागद, मग तिकीट, मग सामानाची यादी आणि सगळ्यात शेवटी बॅगा. खाली मुंबईहून टोरांटोला पीआर घेऊन जाणाऱ्या कुटुंबाचं उदाहरण धरलं आहे. देश वेगळा असेल तर कस्टम्सचे नियम बदलतील, तिकीट आणि बॅगांचा भाग बराचसा हाच राहील.

## १. जास्तीचे पैसे कशासाठी देताय ते ठरवा

आधी कागदावर हिशेब मांडा. भारतातून कॅनडाला बहुतेक कंपन्यांच्या नेहमीच्या इकॉनॉमी भाड्यात माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात (सर्वांत स्वस्त भाड्यात कधी एकच). लुफ्तान्सा, एअर कॅनडा, ब्रिटिश एअरवेज यांच्या बिझनेसमध्येही बॅगा दोनच, पण प्रत्येकी ३२ किलोच्या. चौघांसाठी इकॉनॉमीत १८४ किलो होतात, बिझनेसमध्ये २५६. फरक ७२ किलोंचा.

हे ७२ किलो इकॉनॉमीत तीन जादा बॅगांचे पैसे भरूनही जवळजवळ सगळे जातात. तुमच्या कंपनीच्या साइटवर जादा बॅगेचा दर बघा, त्याला तीननं गुणा आणि चार तिकिटांच्या भाड्यातल्या फरकाशी ताडून बघा. केवळ वजनासाठी बिझनेस घेणं सहसा परवडत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

बिझनेस घ्यावं ते झोपेसाठी. टोरांटोत उतरल्यावर लगेच इमिग्रेशनच्या खोलीत बसायचं असतं, मग बॅगा, मग कस्टम्स. लहान मूल, साठीपुढचे आईवडील किंवा पाठीचं दुखणं सोबत असेल, तर आडवं होऊन आलेला माणूस आणि रात्रभर बसून आलेला माणूस यांच्यातला फरक त्या दोन-तीन तासांत दिसतो.

सावधान: प्रीमियम इकॉनॉमीत खुर्ची ऐसपैस असते, पण वर सांगितलेल्या तिन्ही कंपन्यांत बॅगा २३ किलोच्याच. सामानासाठी हा वर्ग घेऊ नका.

नोकरीमुळे जात असाल तर तिकिटाआधी एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा: कुठल्या वर्गाचं भाडं मिळेल, जादा सामानाचे पैसे मिळतील का, आणि तिकीट तुम्ही काढायचं की त्यांच्या एजंटनं. आधी काढलेल्या तिकिटाचे पैसे मागून मिळवणं फार कटकटीचं होतं.

## २. तिकिटाआधी कागद

सीओपीआर (पीआर मंजूर झाल्याचा कागद) आणि पासपोर्टमधला पीआर व्हिसा यांवरच्या तारखा बघा. ती मुदत सहसा वाढवून मिळत नाही, म्हणून अगदी शेवटच्या आठवड्याचं तिकीट काढू नका. एक विमान रद्द झालं तर सगळंच अडतं.

कुटुंब वेगवेगळ्या तारखांना जाणार असेल तर मुख्य अर्जदार आधी किंवा सोबत उतरला पाहिजे. अर्ज पत्नीच्या नावानं असेल आणि पती घर लावायला म्हणून आधी निघाला, तर तो परत पाठवला जाऊ शकतो. एकानं बिझनेसनं आणि बाकीच्यांनी इकॉनॉमीनं जायचं ठरलं तर सहसा दोन पीएनआर होतात. तेव्हा हा नियम हमखास विसरला जातो.

मग नावं. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकिटावर हे तसंच्या तसं हवं. लग्नानंतर आधारवर नाव बदललं, पण पासपोर्ट माहेरच्या नावानंच आहे, अशा वेळी तिकीट पासपोर्टप्रमाणे काढा. माइल्सचं (विमान कंपनीच्या प्रवासाच्या पॉइंटांचं) खातंही त्याच नावानं असू द्या.

ट्रान्झिट व्हिसाचा नियम कॅनडाचा व्हिसा असलेल्यांसाठी बऱ्याच ठिकाणी शिथिल आहे, पण विमानतळ आणि देश बदलला की तोही बदलतो. ज्या देशातून जाणार त्या देशाच्या सरकारी पानावर तो वाचा.

सावधान: मुंबई–लंडन एक तिकीट आणि लंडन–टोरांटो दुसरं, असं करू नका. दोन वेगळ्या तिकिटांत बॅगा मध्येच घ्याव्या लागल्या तर तुम्हाला त्या देशाचं इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, आणि त्यासाठी प्रवेशाचा व्हिसा लागू शकतो. लागत असून तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात.

## ३. तिकीट: टप्प्याटप्प्यानं वाचून

शोधताना एकतर्फी, परतीचं आणि माइल्सचं असे तीन भाव काढा. रोख भाड्यात एकतर्फी बिझनेस तिकीट परतीच्या निम्म्याहून बरंच महाग पडू शकतं. वर्षाच्या आत भारतात यायचं नक्की असेल तर तारीख बदलता येणारं परतीचं तिकीट घेण्यात अर्थ आहे. तिकिटाची मुदत साधारणपणे एक वर्षाची असते.

माइल्सचं गणित वेगळं आहे. फ्लाइंग ब्लू, क्रिसफ्लायर, एअरोप्लान अशा योजनांत एकतर्फी प्रवासाला साधारण निम्मेच माइल्स लागतात, म्हणून कायमचं जाणाऱ्याला हा रस्ता सोयीचा. पण कार्डाचे पॉइंट एकदा विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत आणि वळायला कधी काही दिवसही जातात. आधी सगळ्यांच्या जागा त्याच विमानात दिसल्या पाहिजेत, मगच पॉइंट हलवा. मांडीवरच्या बाळाचं शुल्क माइल्सच्या तिकिटावरही वेगळं लागतं. काही कंपन्या ते पूर्ण बिझनेस भाड्याच्या दहा टक्के धरतात आणि ती रक्कम छोटी नसते.

जीएसटीही हिशेबात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून इतर सगळ्या वर्गांच्या भाड्यावर १८ टक्के लागतो (आधी १२ होता). इकॉनॉमीला ५ आहे. प्रीमियम इकॉनॉमीही १८ मध्येच येते.

पैसे भरण्याआधी प्रत्येक टप्प्यासमोर पुढच्या गोष्टी वाचा:

- वर्ग कुठला आहे. बुकिंग साइटवर वर "बिझनेस" लिहिलेलं असतं आणि खाली आठ तासांचा टप्पा इकॉनॉमीत असतो. युरोपातल्या आतल्या छोट्या विमानांत बिझनेस म्हणजे साधीच खुर्ची, शेजारची जागा रिकामी. तिथं तक्रार नको, पण लांबच्या टप्प्यावर सपाट होणारी खुर्ची हवीच.
- विमानातली मांडणी. एमिरेट्सच्या जुन्या ७७७ मध्ये बिझनेसला २-३-२ अशा रांगा आहेत, म्हणजे मधला माणूस आलाच. एकट्यानं जाणाऱ्यानं १-२-१ शोधावं.
- भाड्याचा प्रकार. कतार एअरवेजच्या बिझनेस लाइटमध्ये लाउंज नाही. खुर्ची तीच, सवलती कमी.
- विमान प्रत्यक्ष कोण चालवतं. कोडशेअर (तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं) असेल तर जेवण आणि सीट दुसऱ्या कंपनीची. कॅनडाला जाणाऱ्या एका तिकिटावर मात्र सामानाचा एकच नियम सगळ्या टप्प्यांना लागू होतो. तो कुणाचा, ते तिकिटावर लिहिलेलं असतं.

पुणे, नागपूर किंवा कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी खास: देशांतर्गत टप्पा त्याच तिकिटात असेल तर आंतरराष्ट्रीय मर्यादा तिथंही चालते. वेगळा काढला तर इंडिगोसारख्या कंपनीत १५ किलो, आणि तुमच्याकडे माणशी ६४. पुणेकरांनी सरळ मोठी गाडी करून मुंबईला यावं. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे. देशांतर्गत विमान तिथं उतरलं (कोड एनएमआय) आणि पुढचं मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवरून (बीओएम) असेल, तर मध्ये अख्खं शहर ओलांडायचं आहे.

## ४. तिकीट आल्यावर त्याच दिवशी

ई-तिकीट उघडा आणि १३ आकडी तिकीट क्रमांक आहे का बघा. नुसता पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. मग सामानाची ओळ शोधा. तिथं "२ पीसी" असेल तर मर्यादा बॅगांच्या संख्येवर आहे. "४० के" असेल तर एकूण ४० किलोंवर. मध्यपूर्वेतल्या कंपन्या इतर अनेक मार्गांवर वजनाचा हिशेब लावतात, अमेरिका-कॅनडाला नगांचा. मित्राच्या लंडनच्या तिकिटावरून अंदाज बांधू नका.

नगांच्या हिशेबात वजन एकमेकांत मिसळत नाही. एक बॅग ३६ आणि दुसरी २५, बेरीज ६४ च्या आत, तरीही चालणार नाही. आणि ३२ च्या वर बॅग गेली तर पैसे देऊनही घेत नाहीत. ती उचलणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठीची मर्यादा आहे.

सावधान: इकॉनॉमी काढून नंतर बोली लावून अपग्रेड मिळवलं, तर अनेक कंपन्यांत बॅगा मूळ तिकिटाप्रमाणेच राहतात. अपग्रेड आलं म्हणून ३२ किलो भरायला घेऊ नका, आधी लेखी विचारा.

जेवण प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं तपासा. पहिल्या विमानात शाकाहारी नोंदलेलं असतं आणि फ्रँकफर्टहून पुढच्या विमानात काहीच नसतं, हे वारंवार घडतं. आणि यादीतलं "हिंदू मील" (एचएनएमएल) हे सहसा मांसाहारी असतं, त्यात गोमांस नसतं. शाकाहारी माणसाला हवं ते एव्हीएमएल, कांदा-लसूण नको असेल तर जैन म्हणजे व्हीजेएमएल. घरातल्या ज्येष्ठांसाठी घाईत "हिंदू" वर टिचकी मारली जाते आणि ताटलीत चिकन येतं. लहान बाळाचा पाळणा बिझनेसमध्ये मोजक्याच जागांसमोर लागतो. तो फोन करून मागून घ्या.

तपासणी: दुसऱ्या कंपनीचं विमान असेल तर तिचा पीएनआर वेगळा असतो. तो मिळवून तिच्या साइटवर सीट आणि जेवण दिसतंय का ते स्वतः बघा.

## ५. बॅगेआधी यादी

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, कारण ही पायरी घाईत सोडून दिली जाते. नव्यानं स्थायिक होणाऱ्याला आपलं घरगुती सामान कॅनडात शुल्काविना नेता येतं, पण ते पहिल्यांदा उतरताना जाहीर करावं लागतं. यादीचे दोन भाग करा: सोबत आणलेलं आणि मागून येणारं. टाइप केलेल्या दोन प्रती ठेवा. किंमत, आणि असेल तिथं कंपनी, मॉडेल, सिरियल क्रमांक लिहा. कॅनडाच्या कस्टम्सचा बीएसएफ १८६ हा फॉर्म आधीच भरून नेला तर काउंटरवर वेळ वाचतो.

लक्षात ठेवायचे नियम थोडे आहेत. वस्तू कॅनडात येण्याआधी तुमच्या मालकीची, ताब्यातली आणि वापरलेली हवी. निघायच्या आठवड्यात घेतलेला, खोकंही न उघडलेला लॅपटॉप यात बसत नाही. एका वस्तूची किंमत दहा हजार कॅनेडियन डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर शुल्क लागतं. शुल्काविना आणलेली वस्तू पहिल्या वर्षात विकली किंवा देऊन टाकली तरी लागतं. लग्नाच्या भेटवस्तूंना वापराची अट नाही, मात्र लग्न येण्याआधीच्या तीन महिन्यांतलं हवं, किंवा आल्यावर तीन महिन्यांत होणार असावं.

दागिने. आत्ता आईकडे ठेवून पुढच्या वर्षी नेऊ म्हणणाऱ्यांनी ते "मागून येणारं" मध्ये आजच लिहावेत. "सोन्याच्या चार बांगड्या" एवढं पुरत नाही. सराफाकडून प्रत्येक नगाचं वजन आणि वर्णन असलेलं मूल्यांकन घ्या आणि त्यानं सही केलेले फोटो जोडा. पाटल्या, तोडे, मोहनमाळ असे शब्द तिथल्या अधिकाऱ्याला कळणार नाहीत, म्हणून इंग्रजी वर्णन आणि फोटो दोन्ही हवेत.

सोबत सोनं नेत असाल आणि पुढं सुट्टीला तेच घालून भारतात येणार असाल, तर मुंबईत निघताना भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परत येताना ते सोनं तुमचंच होतं हे सिद्ध करत बसावं लागतं.

रोख: परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच घ्या, बाकी बँकेतून पाठवा. कॅनडात दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम सोबत असेल तर जाहीर करणं बंधनकारक आहे. पैसे आणायला बंदी नाही, लपवण्याला दंड आहे.

## ६. बॅगा भरणं

रिकामी मोठी बॅग चार-पाच किलोंची असते. ती आधी तोला. टांगून तोलायचा डिजिटल काटा घ्या आणि ३१ वर थांबा. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांत थोडा फरक पडतोच. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर, चाकांसकट.

काय नेऊ नये ते महत्त्वाचं. मिक्सर नेऊ नका, तिथं १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ वीज आहे, आपला मिक्सर चालणार नाही. कुकर खुशाल न्या. सुकं खोबरं, म्हणजे खोबऱ्याच्या वाट्या, सामानात चालत नाहीत. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. गोडा मसाला घरून भाजून-कुटून न्या, वाट्या ठेवून द्या. ताजा कढीपत्ता, आंबे, बियाणं वगळा. बाकी सगळं खाणं जाहीर करा. तूप आणि लोणचं केबिनमध्ये १०० मिलीच्या नियमात अडकतं, ते खालच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून.

पॉवरबँक नेमकी उलटी, फक्त केबिनमध्ये. १०० वॅट-तासांपर्यंत चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तासांची असते. एमिरेट्समध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच नेता येते आणि विमानात वापरता येत नाही.

हातातल्या बॅगेत: सीओपीआर, सर्व पासपोर्ट, यादीच्या दोन्ही प्रती, मूळ प्रमाणपत्रं, दागिने, लॅपटॉप, औषधं. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, ९० दिवसांना पुरतील एवढीच.

तपासणी: भरलेली बॅग घरातल्या दोघांना उचलून गाडीत ठेवता येते का? येत नसेल तर २५ किलोंच्या आसपास भरा. ३२ चा हक्क आहे, सक्ती नाही.

## ७. मुंबईतली रात्र

तारीख पुन्हा वाचा. विमान १५ तारखेला रात्री पाऊणला असेल तर घरून १४ च्या संध्याकाळी निघायचं. ही चूक अजूनही होते आणि तिला उपाय नसतो.

टी-टूला चार तास आधी पोहोचा. बिझनेसचा काउंटर वेगळा असला तरी एकतर्फी तिकीट आणि पीआर व्हिसा तपासायला वेळ लागतो. बॅगा चौघांच्या नावांवर वाटून टॅग करायला सांगा. घाईत आठही बॅगा एकाच्या नावावर चढवल्या जातात, आणि नुकसानभरपाईची मर्यादा माणशी असते. प्रत्येक टॅगवर वायवायझेड (टोरांटोचा कोड) छापलं आहे का बघा आणि फोटो काढा. निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर कस्टम्सचं टेबल कुठं आहे ते काउंटरवरच विचारा आणि इमिग्रेशन ओलांडण्याआधी ते काम उरका. सरकारची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजना मुंबईत आहे आणि मोफत आहे. आधी नोंदणी केली असेल तर ई-गेटनं जा.

जागा नाही म्हणून इकॉनॉमीत बसवलं तर? जा, पण खालच्या वर्गात बसवल्याचं लेखी घ्या. डीजीसीएच्या (भारताच्या हवाई वाहतूक नियामकाच्या) फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानं ३,५०० किलोमीटरच्या वरच्या आंतरराष्ट्रीय टप्प्याला करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. युरोपहून निघणाऱ्या टप्प्यावर तिथल्या नियमानंही एवढ्या अंतराला ७५ टक्केच मिळतात. "पुढच्या वेळी माइल्स देऊ" यावर समाधान मानू नका.

## ८. टोरांटोत उतरल्यावर

मधल्या विमानतळावर फारसं काही करायचं नाही: आंघोळ करा, पाणी प्या, यादीची प्रत जागेवर आहे का बघा.

टोरांटोत आधी कियॉस्क, मग इमिग्रेशनच्या खोलीत सीओपीआरवर सह्या. पत्ता लिहून ठेवा, पीआर कार्ड त्यावरच येतं. पक्का पत्ता नसेल तर १८० दिवसांत कळवता येतो. मग बॅगा आणि त्यानंतर कस्टम्समध्ये यादी. इथं थकून "मागून काही येणार नाही" म्हणून लोक सरळ बाहेर पडतात. असं करू नका. एकच कढई मागून येणार असली तरी यादीवर शिक्का घ्या आणि ती जपून ठेवा.

पुढं कॅलगरी किंवा व्हँकूव्हरला जायचं असेल तरी हे सगळं टोरांटोतच होतं. दोन विमानांत किमान चार तास ठेवा.

आठ बॅगा साध्या टॅक्सीत मावत नाहीत. मोठी व्हॅन आदल्या आठवड्यात ठरवा.

## ९. बॅग आली नाही किंवा फुटली तर

पट्ट्याजवळून हलण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर (सामानाच्या तक्रारीचा अहवाल) नोंदवा आणि क्रमांक घ्या. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची ती मिळाल्यापासून २१ दिवसांत. मॉन्ट्रियल करारानुसार भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. तिकीट बिझनेसचं असलं तरी ती वाढत नाही. बॅग येईपर्यंत घेतलेल्या जाकिटाची, मुलांच्या कपड्यांची पावती ठेवा. बोर्डिंग पास, टॅगची चिकटपट्टी आणि पीआयआर हे तिन्ही, दावा निकाली निघेपर्यंत आणि माइल्स खात्यात जमा होईपर्यंत, फेकू नका.